अनुभव धागा: युद्धक्षेत्रातील कंत्राटी नोकरी आणि तिचे धोके (इंदूर-महू)

इंदूर आणि महूच्या मराठी कुटुंबांमध्ये चाळिशीच्या आतबाहेर लष्करातून निवृत्त झालेली माणसे पुष्कळ आहेत. १५ वर्षांची सेवा पूर्ण झाली की जवानाला निवृत्तिवेतन मिळते, परंतु मुलांची शिक्षणे तेव्हा कोठे सुरू झालेली असतात. आणि नेमक्या याच वयात बगदाद, एर्बिल किंवा लाल समुद्रातील जहाजांवरच्या नोकरीचा निरोप मोबाइलवर येऊन पडतो. असे निरोप दाखवून सल्ला विचारणारे अलीकडे वाढले आहेत, म्हणून प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना लिहिण्याची ही विनंती.

खाजगी लष्करी कंत्राटदार, म्हणजे युद्धक्षेत्रात पैसे घेऊन पहारा आणि इतर कामे करणाऱ्या कंपन्या, म्हटले की ३१ मार्च २००४ चे इराकमधील फलुजा आठवते. ब्लॅकवॉटर कंपनीच्या चार अमेरिकी रक्षकांना तेथे ठार करण्यात आले आणि दोघांचे मृतदेह युफ्रेटिसवरील पुलाला टांगण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इराकात अपहरण करून मारलेले १२ नेपाळी कामगार मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. या धंद्यात बंदूकवाल्यांपेक्षा स्वयंपाकी, चालक, सफाई कामगार आणि यंत्र दुरुस्त करणारेच अधिक असतात, त्यामुळे त्यांनीही अवश्य लिहावे. धोका कोठून आला, हे सविस्तर लिहावे. कंपनीचे नाव लिहू नये, आणि जे अद्याप तेथे आहेत त्यांनी तळाची ओळख पटेल असा तपशील टाळावा.

निवृत्त नाईक, महू

मी काबूलमध्ये एका आवाराच्या फाटकावर पहारेकरी होतो. गोळी लागण्याची भीती सर्वांना असते, परंतु फाटकावरच्या माणसाचा धोका निराळा आहे. आतल्या साहेबाला वाचवण्यासाठी उभारलेल्या सिमेंटच्या भिंती, वाळूच्या पेट्या आणि लोखंडी अडसर हे सारे त्याच्या पाठीमागे असते आणि तो स्वतः त्यांच्या पुढे उभा असतो. संशयित गाडीखाली आरसा धरणारा, चालकाला काच खाली करायला सांगणारा पहिला माणूस तोच. त्या गाडीत स्फोटके असली, तर कंपनीच्या दृष्टीने सुरक्षा व्यवस्था यशस्वी ठरते, कारण स्फोट बाहेरच झालेला असतो.

त्याहून मोठा धोका मला कामावर जाण्या-येण्यात वाटत असे. ज्यांचे रक्षण करायचे ते चिलखती गाड्यांतून फिरत. आम्ही साध्या मिनीबसमधून, रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने. २० जून २०१६ रोजी सकाळी कॅनडाच्या दूतावासाकडे निघालेली पहारेकऱ्यांची अशीच एक मिनीबस जलालाबाद रस्त्यावर आत्मघाती हल्लेखोराने उडवली. मृतांमध्ये बहुतेक नेपाळी होते आणि दोन भारतीयही होते. मी तेव्हा काबूलमध्येच, दुसऱ्या कंपनीत होतो. त्या दिवसानंतर आमच्या बसची वेळ बदलली गेली, आणि काही आठवड्यांनी, चालकांना सोयीचे पडते म्हणून, पुन्हा पूर्वीचीच झाली. ज्याने वेळापत्रक ठरवले तो त्या बसमध्ये बसत नव्हता, एवढेच मी म्हणेन.

शस्त्राविषयीही लिहिले पाहिजे. फौजेत आपली रायफल आपण ओळखतो. तेथे पाळी बदलताना एकाच्या हातातली दुसऱ्याच्या हातात जायची, आणि नेमबाजीचा सराव कागदावर जेवढा दिसायचा तेवढा होत नसे.

विद्युत जनित्रांचे तंत्रज्ञ, स्कीम नंबर ७८

वरील अनुभव वाचला. माझ्या हातात पाना होता, बंदूक नव्हती. इराकमधील बलादच्या अमेरिकी तळावर मी एका पोटकंत्राटदाराकडे जनित्रांची देखभाल करत असे. त्या तळावर उखळी तोफांचे गोळे आणि रॉकेटे इतक्या वेळा पडत, की सैनिकांनी त्याला गंमतीचे नावही ठेवले होते. भोंगा वाजला की जमिनीवर पालथे पडायचे आणि मग काँक्रीटच्या आडोशात धावायचे, असा नियम होता. परंतु चालू जनित्रापाशी कानांवर संरक्षक लावून काम करणाऱ्याला भोंगा ऐकूच येत नाही. शेजारचा माणूस पळताना दिसला की पळायचे, हीच आमची सूचना यंत्रणा.

आज मला त्रास आहे तो गोळ्यांचा नव्हे, धुराचा आणि आवाजाचा. प्लास्टिक, रंग, बॅटऱ्या, दवाखान्याचा कचरा, सगळे तेथे मोठ्या खड्ड्यात उघड्यावर जाळले जाई. अशा धुरामुळे आजारी पडलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी २०२२ मध्ये पॅक्ट नावाचा कायदा झाला, परंतु त्याचा लाभ माजी सैनिकांना आहे, त्याच धुरात श्वास घेतलेल्या कंत्राटी कामगारांना नाही. आमच्यासाठी आहे तो १९४१ चा डिफेन्स बेस अ‍ॅक्ट. अमेरिकी सरकारच्या परदेशातील कंत्राटावर, पोटकंत्राटदाराकडे का होईना, काम करणारा कोणत्याही देशाचा माणूस या कायद्याच्या विम्यात येतो. दुखापतीची सूचना ३० दिवसांत आणि दावा साधारणपणे एका वर्षात द्यावा लागतो. आजार सावकाश उघड होत असेल तर मुदत दोन वर्षांची असते. आमच्यापैकी कोणालाही हे तेथे सांगण्यात आले नाही. मला ते समजले परतल्यानंतर, एका केरळी सहकाऱ्याकडून.

एका निवृत्त जवानाची पत्नी, टिळकनगर

तंत्रज्ञ दादांनी विम्याचे लिहिले, म्हणून घरची बाजू मांडते. २००४ च्या उन्हाळ्यात इराकात भारतीय ट्रकचालकांचे अपहरण झाले आणि त्यानंतर आपल्या सरकारने कामासाठी इराकला जाण्यास बंदी घातली. पासपोर्टवर तसा शिक्का येऊ लागला. तरीही माणसे जातच राहिली: प्रथम दुबई किंवा कुवेत, आणि तेथून पुढे. माझे पती असेच गेले. पहिले कंत्राट दुबईच्या गोदामाचे होते, दुसरे कंत्राट दुबईत पोहोचल्यावर पुढे आले, आणि तोवर दलालाला दिलेल्या पैशांचे व्याज सुरू झालेले होते. त्यांचा फोन आला नाही की मी कोणाला विचारणार? दूतावासाला विचारले तर बंदी मोडल्याचे उघड होणार, आणि दलाल म्हणणार की ते दुबईतच आहेत. सुदैवाने ते परत आले. त्या काळात मला जडलेला रक्तदाब गेला नाही.

आणखी एक गोष्ट फौजी कुटुंबांना सहसा ठाऊक नसते. इराक, अफगाणिस्तान, येमेन, लिबिया अशा देशांत नोकरीला जाण्यासाठी जी सरकारी परवानगी लागते, ती दहावी उत्तीर्ण माणसाला लागत नाही. ही सवलत वाटते. परंतु प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा सक्तीचा विमा त्या परवानगीलाच जोडलेला आहे, त्यामुळे दहावी झालेला निवृत्त जवान नेमका त्यातून सुटतो आणि त्याच्या कंत्राटाची तपासणीही कोणी करत नाही.

निवृत्त सीमा सुरक्षा दल कर्मचारी, इंदूर

सर्वांनी धोकेच लिहिले आहेत, म्हणून हे नोंदवतो. मी एर्बिलला होतो, पगार वेळेवर मिळाला, सुखरूप परतलो आणि त्या पैशांतून मुलीचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले. वर लिहिलेले खोटे आहे असे मी म्हणत नाही.

माजी नौसैनिक, सध्या राऊ

जहाजावरील सशस्त्र रक्षकाला समुद्री चाच्यांपेक्षा किनाऱ्यावरील पोलिसांचे भय अधिक असते, हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. मोकळ्या समुद्रात वैध असलेले शस्त्र १२ सागरी मैलांच्या आत आले की त्या देशाच्या कायद्याने गुन्हा ठरू शकते. सीमन गार्ड ओहायो या जहाजाचे उदाहरण आपल्याच तुतिकोरिनचे आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यावरील ३५ जणांना अटक झाली, त्यांत ब्रिटिश आणि एस्टोनियन रक्षक होते तसे भारतीयही होते. जानेवारी २०१६ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. चार वर्षे गेली, एकही गोळी न झाडता. आम्ही जहाजावर चढण्यापूर्वी शस्त्रांच्या परवान्याची प्रत मागत असू, तेव्हा अधिकारी वैतागत. तरीही मागत असू.

वकील, पलासिया

कायद्याच्या अंगाने थोडे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार सैन्यासोबत अधिकृतपणे गेलेला, ओळखपत्र असलेला पुरवठा कामगार पकडला गेला तर त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. तो नागरिकच असतो. मात्र प्रत्यक्ष लढाईत उतरला तर त्याचे नागरिक म्हणून असलेले संरक्षण तेवढ्यापुरते जाते. त्या करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलनुसार भाडोत्री सैनिक ठरलेल्याला युद्धकैद्याचा हक्कही नाही. २००८ चा माँत्रो दस्तऐवज खाजगी लष्करी कंपन्यांविषयी राज्यांनी काय करावे ते सांगतो, पण तो बंधनकारक नाही.

आता सर्वांत ताजा धोका. रशियात मदतनिसाचे काम म्हणून नेलेल्या भारतीयांकडून रशियन भाषेतील कंत्राटांवर सह्या घेतल्या गेल्या आणि त्यांना युक्रेनच्या आघाडीवर पाठवले गेले. सुरतकडील एक तरुण फेब्रुवारी २०२४ मध्ये ड्रोन हल्ल्यात मारला गेला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रशियन सैन्यातील भारतीयांच्या १२६ प्रकरणांपैकी १२ मृत्यू झाल्याचे आणि १६ जण बेपत्ता असल्याचे सांगितले. तेथे खाजगी कंपनी नव्हती, थेट सैन्य होते. सही करणाऱ्याला मात्र हा फरक कळण्याची सोयच नव्हती.

एक वाचक, महू

माझ्या हातात बगदादमधील पहाऱ्याच्या नोकरीचे इंग्रजी पत्र आहे आणि पुढील आठवड्यात उत्तर द्यायचे आहे. काय विचारू?

निवृत्त नाईक, महू

मूळ कंत्राट कोणत्या देशाच्या सरकारचे आहे ते प्रथम विचारा, कारण तंत्रज्ञ दादांनी लिहिलेला विमा केवळ अमेरिकी कंत्राटाला लागू होतो. कंत्राट दुसऱ्या देशाचे असेल तर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसीची प्रत लेखी मागा. राहण्याच्या जागेपासून पहाऱ्यापर्यंत कोणत्या गाडीतून नेणार, तेही लेखी घ्या. पासपोर्ट कोणाच्या ताब्यात राहील आणि मुदतीपूर्वी परतायचे झाल्यास तिकीट कोण काढील, ही कलमे पत्रात नसतील तर सही करू नका. प्रत वहिनींजवळ ठेवून जा. पत्र घेऊन माझ्याकडे या, रविवारी सकाळी मी घरीच असतो. येताना दलालाचा नोंदणी क्रमांकही लिहून आणा, तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तेथेच पडताळता येईल.