आठ वर्षांच्या मुलाला एचआयव्हीच्या गोळ्यांबद्दल कसं सांगू? सल्ला हवाय

शेवग्याची_शेंग:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या बहिणीचा मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून आमच्याकडे आहे, बहीण टीबीने गेली आणि तेव्हाच दोघांचं एचआयव्हीचं कळलं. आता तो आठ वर्षांचा आहे, 22 किलो, सरकारी एआरटी सेंटरमधून (एचआयव्हीचे औषधोपचार करणारं केंद्र) गोळ्या फुकट मिळतात. रात्री आठला तीन पाण्यात विरघळवून प्यायच्या आणि एक गिळायची. आजवर त्याला "ताकदीच्या गोळ्या" असंच सांगत आलो आणि आता ते अंगाशी आलंय. एक तर माझी सहा वर्षांची मुलगी रोज हट्ट करते, मलापण ताकदीची गोळी दे. आणि गेल्या आठवड्यात तुळशीला पाणी घालताना मातीत गिळायच्या गोळ्या सापडल्या, सहा होत्या, वरचं आवरण सुटून माती लागलेली. विचारलं तर म्हणतो, "मावशी, मी कबड्डीत सगळ्यांना धरतो, ताकद आली की आता, मग कशाला?" काय बोलणार, त्याचं बरोबरच होतं ना! ह्यांचं म्हणणं सांगून टाकू, सासूबाई म्हणतात अठरा पूर्ण होईपर्यंत अवाक्षर नको, पोरगं गल्लीत बोलून बसेल. कुणी यातून गेलंय का?

बांधावरचा:
सासूबाईंचं चूक नाही. लहान पोराच्या तोंडाला कुलूप नसतं. आमच्या गावात एका घरचं कळलं तर लोकांनी त्यांच्या पोरांबरोबर आपली पोरं खेळायला पाठवणं बंद केलं. मोठा होऊ द्या, मग सांगा.

वही_पेन्सिल:
मी एआरटी सेंटरला काउन्सेलर आहे, 11 वर्षं झाली. ताई, आधी एक करा, त्या सहा गोळ्यांचं सेंटरला सांगा, लपवू नका, कुणी ओरडणार नाही. डोस बुडत राहिले की विषाणू बदलतो आणि तेच औषध लागू पडेनासं होतं, मुलांच्या औषधांत पर्याय आधीच कमी, म्हणून काळजी. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते बघणारी टेस्ट, कधी करायची ते डॉक्टर ठरवतील.

आता सांगण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच म्हटलंय की शाळकरी वयाच्या मुलांना त्यांचा आजार सांगावा, आणि त्याआधीपासून झेपेल तसं थोडं थोडं सांगत जावं. एकाच दिवशी बसवून सगळं ओतायचं नाही. रोगाचं नाव सगळ्यात शेवटी येतं, पण आधी जे सांगाल ते खरं पाहिजे. "ताकदीची गोळी" हे अर्धं खोटं आहे म्हणून तर ते त्याने पकडलं.

मी मुलांसमोर स्टीलचा छोटा डबा ठेवते, त्यात मूठभर मोहरी. सांगते, हे तुझ्या रक्तातले किडे, आपल्या पहारेकऱ्यांना त्रास देणारे. गोळी म्हणजे झाकण. रोज आठला लावलं की मोहरी आत गप्प, डबा हलव, उलटा कर, काही होत नाही. मग झाकण काढायला सांगते आणि म्हणते आता हलव. फरशीभर मोहरी होते. ती वेचायला मुलालाच लावायची, घाई करायची नाही, तेव्हाच त्याला कळतं. पुढचं वाक्य महत्त्वाचं: मोहरी डब्यातच आहे, संपलेली नाही, म्हणून बरं वाटत असलं तरी झाकण रोज लागतं. तो लगेच विचारेल कधीपर्यंत, तर "रोज" म्हणा, वर्षं मोजून सांगू नका.

"तुझी काहीच चूक नाही" हे तर दहा वेळा सांगा. मुलांना मनातून वाटत असतं आपण मस्ती केली म्हणून झालं.

आणि "गुपित" हा शब्द नको, शाळेत शिकवतात की कुणी गुपित ठेवायला सांगितलं तर घरी सांगा. "हे आपलं घरचं आहे" म्हणा आणि कुणाशी बोललेलं चालेल ती माणसं नावानिशी सांगा, मावशी, काका, सेंटरच्या ताई. शाळेला सांगायची सक्ती नाही, एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा आहे, यावरून प्रवेश नाकारता येत नाही. कुठे अडलं तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

जन्मापासून_सोबत:
बांधावरचा, दादा, तुमचं मनापासून पटलं नाही म्हणून लिहितोय. मी 23 वर्षांचा आहे, जन्मापासून पॉझिटिव्ह. मला दम्याची गोळी सांगितली होती. मला दम लागायचाच नाही. तेराव्या वर्षी डबीवरचं नाव मोबाइलवर टाकलं, रात्री, गोधडीत, आणि पहिल्या पानावर जे आलं ते एकट्याने वाचलं. आजाराचा राग नाही आला, आजीचा आला, जिने रोज हातावर गोळी ठेवून खोटं सांगितलं तिचा. दोन महिने औषध थुंकलो, मग न्यूमोनिया, मग ॲडमिट. आता आजी नाही. तिने घाबरून केलं हे कळतं, पण ताई, तो वाचायला शिकलाय, डबी त्याच्या हातात आहे. त्याला तुमच्या तोंडून कळू द्या.

बांधावरचा:
भावा, हे डोक्यात आलंच नव्हतं. माझा शब्द मागे घेतो.

नातीचे_आबा:
नातीच्या अनुभवातून थोडं. पाण्यात विरघळवलेली लगेच प्यायला द्या, ग्लासाच्या तळाशी राहतं त्यात परत थोडं पाणी घालून तेही पाजा. गिळायची गोळी डोल्युटेग्राविर असेल तर कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या रिकाम्या पोटी तिच्याबरोबर नकोत, वेळ सेंटरमध्ये विचारून ठरवा. आणि आम्ही वेळ घड्याळाला न बांधता जेवणाला बांधली, ताट उचललं की गोळी. गावाला गेलो तरी चुकत नाही.

शेवग्याची_शेंग:
सगळ्यांचे आभार. सेंटरला जाऊन खरं सांगितलं, कुणी रागावलं नाही, टेस्टसाठी रक्त घेतलंय. काल संध्याकाळी मोहरीचं केलं. सासूबाई आधी स्वयंपाकघरातच होत्या, मग येऊन खाटेवर बसल्या. मोहरी सांडल्यावर तो हसला, मग वेचायला लागला, कोपऱ्यातली नखाने काढत होता. वेचता वेचता मान वर न करता म्हणाला, "आईच्या डब्याला झाकण नव्हतं का?" मला दोन मिनिटं बोलताच येईना. म्हटलं, होतं रे, पण तिला खूप उशिरा मिळालं, तोवर मोहरी सगळीकडे गेली होती. "मग मला लवकर मिळालं?" हो म्हटलं. नाव अजून सांगितलं नाही. रात्री गोळी घेतली आणि तोंड उघडून दाखवलं, मी न सांगता.

आता मुलीचं काय करू? तिने मोहरी वेचायला मदत केली आणि आता विचारतेय माझा डबा कुठंय.

वही_पेन्सिल:
तिला सांगा तुझ्या डब्यात मोहरी नाही म्हणून झाकण लागत नाही. आणि दादाचा ग्लास भरून आणायचं काम तिला द्या, गोळ्यांची डबी मात्र तिच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. पुढच्या वेळी दोघांना घेऊन या, नावाचं आपण मिळून ठरवू.