टाकीची पातळी आणि लिनक्सचं बूट : ३,००० रुपयांत कोणता बोर्ड घ्यावा? (इंदूर)

राजेंद्रनगर_तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. दोन कामं आहेत. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, म्हणून गच्चीवरच्या १,००० लिटरच्या टाकीची पातळी खाली मोबाइलवर दिसायला हवी. दुसरं म्हणजे लिनक्स बूट कसं होतं ते मुळापासून शिकायचंय : बूटलोडर (वीज मिळाल्यावर कर्नलला उठवणारा प्रोग्रॅम) आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः कंपाइल करून चढवायचा. दोन्ही कामांना एकच बोर्ड चालेल का? सी येतं, सोल्डरिंगही जमतं. जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काय मिळेल आणि काय मागवावं लागेल?

खटपट_रामबाग
एकच बोर्ड नको. टाकीचं काम वर्षभर न थांबता चालायला हवं आणि शिकायचा बोर्ड दिवसातून दहा वेळा बंद पडणार. टाकीसाठी ईएसपी३२ घ्या, म्हणजे वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. अरुंद बघून घ्या, कारण रुंद बोर्ड ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या भोकांच्या पाटीवर) बसवल्यावर वायर खोचायला जेमतेम एका बाजूला जागा उरते.

सेन्सर जेएसएन-एसआर०४टी, म्हणजे पाण्याला न घाबरणारा अल्ट्रासोनिक : ट्रिगर पिनेवर इशारा दिला की आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीचा वेळ एको पिनेवर देतो. त्याची एको पिन ५ व्होल्ट देते आणि ईएसपी३२ ला ३.३ च्या वर नको असतात. जेल रोडवरून १ किलोओहमचे तीन रेझिस्टर आणा. एक एको आणि ईएसपीच्या पिनेच्या मध्ये, उरलेले दोन एकापुढे एक जोडून त्याच पिनेपासून ग्राउंडला. पिनेवर ३.३३ व्होल्ट येतात. ट्रिगर ईएसपीच्या २६ नंबरच्या पिनेवर, एको २७ वर. ६ ते ११ या पिना फ्लॅशला (कोड साठवणाऱ्या चिपला) जोडलेल्या असतात, त्यांना हात लावू नका. ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत. १२ वर बूटच्या वेळी व्होल्टेज असलं तर फ्लॅशला १.८ व्होल्ट मिळतात आणि बोर्ड उठतच नाही. कोड बरोबर असूनही पुष्कळ लोक इथेच अडकतात.

हा सेन्सर साधारण २५ सें.मी.च्या आतलं मोजत नाही. झाकणालाच बसवलात तर टाकी भरत आली की आकडे भरकटतील. झाकणात मोठं भोक पाडून त्यावर रंगाची रिकामी २० लिटरची बादली उपडी बसवा, सेन्सर तिच्या बुडाला लावा आणि कड सिलिकॉनने बंद करा. अरुंद पाइप मात्र नको, त्याच्या भिंतीवरूनच प्रतिध्वनी येतो.

तापमानही धरा. १० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, ४२ अंशांना ३५६. पाणी सेन्सरपासून एक मीटर खाली असेल तर थंडी आणि मे महिना यांत ५-६ सें.मी.चा फरक पडतो. फक्त ‘भरली’ आणि ‘संपत आली’ एवढंच कळायला हवं असेल, तर हे सगळं सोडा आणि दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारे स्विच) लावा. माझ्या मते तेच जास्त टिकतं.

कर्नल_काका
आता लिनक्सकडे. बोर्ड निवडताना गिगाहर्ट्झ बघू नका. तीन गोष्टी बघा : सीरियल कन्सोलच्या (बूटचे संदेश संगणकावर दाखवणाऱ्या जोडणीच्या) पिना बाहेर काढल्या आहेत का, सर्किटचा नकाशा मिळतो का, आणि मूळ कर्नलमध्ये त्याचा आधार आहे का. उत्पादकाने एकदा दिलेल्या जुन्या कर्नलवरच चालणारा बोर्ड दोन वर्षांत अडगळीत जातो.

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (२०२१, ५१२ एमबी रॅम) चांगला आहे, पण तुमच्या कामाला अर्धवट. त्यात आधी ग्राफिक्सचा भाग बंदिस्त फर्मवेअरवर उठतो आणि मग तो प्रोसेसरला उठवतो. बूटलोडर शिकायचा तर ऑरेंज पाय झीरो ३ चा १ जीबीवाला बघा. त्यात ऑलविनर एच६१८ प्रोसेसर आहे आणि यू-बूट या खुल्या बूटलोडरच्या मूळ कोडमध्ये या बोर्डाचं कॉन्फिगरेशन तयार आहे. आधी ट्रस्टेड फर्मवेअर-ए (कर्नलच्या आधी चालणारं खुलं फर्मवेअर) कंपाइल करा (प्लॅटफॉर्म sun50i_h616), त्यातून निघणारी बीएल३१ ही फाइल यू-बूटला कंपाइल करताना द्या, आणि तयार झालेली फाइल एसडी कार्डावर सुरुवातीपासून ८ किलोबाइट सोडून लिहा. चुकलं तर कार्ड काढून पुन्हा लिहायचं, बोर्डाला काही होत नाही. रॅमचे भाव चढ-उतार करतात, म्हणून त्या दिवशीची किंमत बघूनच ऑर्डर द्या.

सोबत यूएसबी-टीटीएल, म्हणजे सीरियल कन्सोल संगणकाच्या यूएसबीला जोडणारा अडॅप्टर हवाच. जोडण्याआधी त्याच्या टीएक्स (पाठवणारी पिन; आरएक्स घेणारी) आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावा : ३.३ दिसले तर ठीक, ५ दिसले तर जोडू नका. टीएक्स समोरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला, वेग १,१५,२००. व्हीसीसीची (विजेची) तार मोकळीच ठेवा. आणखी एक : बोर्डाची वीज काढली तरी टीटीएलच्या टीएक्समधून थोडी वीज आत शिरते, एलईडी मिणमिणत राहतो आणि पुढचं बूट नीट होत नाही. अशा वेळी टीटीएलही काढा आणि मग वीज द्या.

तांब्याची_तार
बोर्ड मधूनच रीसेट होत असेल तर कोडच्या आधी केबल बघा. स्वस्त केबलमध्ये २८ गेजची तार असते, मीटरला सुमारे ०.२१ ओहम. जाऊन-येऊन ०.४२. एक अँपिअर ओढला की ५ व्होल्टचे ४.५८ उरतात. २४ गेजच्या तारेत हाच उतार ०.१७ व्होल्ट. काम चालू असताना ऑरेंज पायच्या जीपीआयओ पिनांच्या रांगेत २ (५ व्होल्ट) आणि ६ (ग्राउंड) नंबरवर मोजा, ४.७५ च्या खाली असेल तर केबल बदला. ईएसपी३२ वाय-फाय सुरू होतानाच ब्राउनआउट (व्होल्टेज पडल्याचा इशारा) दाखवत असेल तर ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पट्ट्याची बाजू ग्राउंडला.

राजेंद्रनगर_तिसरा_मजला
काका, घरात एस९०५एक्स प्रोसेसरचा जुना अँड्रॉइड टीव्ही बॉक्स पडून आहे. ऑरेंज पायऐवजी तो चालेल?

कर्नल_काका
कर्नल शिकायला चालेल, बूटलोडरला नाही, कारण आतलं यू-बूट उत्पादकाचंच राहतं. केबल किंवा डीटीएचवाल्या कंपनीचा बॉक्स असेल तर तो कुलूपबंद असतो, त्यात वेळ घालवू नका. नसेल तर एसडी कार्डावर आर्मबियन (अशा बोर्डांसाठीचं लिनक्स) लिहा आणि डीटीबी फाइल (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी) म्हणून meson-gxl-s905x-p212 नाव द्या. ती चुकली तर बॉक्स उठला तरी नेटवर्क दिसेलच असं नाही. कार्ड बॉक्समध्ये घातलं की एव्हीच्या गोल भोकात टूथपिक घाला. तळाशी बारीक बटण टिकटिकतं. ते दाबून धरूनच वीज द्या आणि पडद्यावर लोगो येऊन गेला की सोडा. रॅम मात्र लिनक्समधूनच तपासा, डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.