मदत हवी आहे: कॅनडा पीआर, कन्सल्टंट आणि नवऱ्याचे चौदा महिने

वळचण

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचायला येते, आज पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही कोल्हापूरचे. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, नोव्हेंबरात चौतीस पूर्ण होतील. मी बी.फार्म., हॉस्पिटलच्या फार्मसीत सात वर्षं झाली. मुलगी चार वर्षांची. एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत कॅनडाच्या पीआरसाठी (कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी) नाव घातलं. चकाचक ऑफिस, भिंतीवर मेपलची पानं, आणि सासूबाईंच्या मैत्रिणीचा मुलगा २०१९ मध्ये यांच्याकडूनच गेलेला. एवढ्यावर नवऱ्याचा विश्वास बसला. फी १,८०,००० अधिक जीएसटी, तीन हप्त्यांत. पहिला ७०,००० चा हप्ता एफडी मोडून दिला. शिवाय 'प्रोफाइल चार्जेस' म्हणून ९,००० वेगळे. ईमेल आयडी त्यांनीच काढला, पासवर्डही त्यांच्याकडेच. मी मागितला तर म्हणे, "मॅडम, क्लायंटनं लॉगिन केलं की फाइल अडकते."

आता खरी अडचण. नवरा २०१३ ते ऑगस्ट २०१९ एका कंपनीत होता. नोव्हेंबर २०२० पासून आत्ताच्या कंपनीत आहे. मधले चौदा महिने चुलत सासऱ्यांच्या शिरोलीतल्या वर्कशॉपमध्ये काढले. काकांची बायपास झाली होती, बघणारं कुणी नव्हतं. पगार असा नव्हताच. काका कधी हातावर पैसे ठेवायचे, कधी खात्यावर टाकायचे. पगारपत्रक नाही, पीएफ नाही.

कन्सल्टन्सीतली काउन्सिलर म्हणते, हे दाखवूच नका. जुन्या कंपनीचं एक्सपिरियन्स लेटर ऑक्टोबर २०२० पर्यंतचं करून देतो, आमच्याकडे माणूस आहे, सगळेच करतात. शिवाय चार लाख भरले तर कॅनडातल्या कंपनीचं जॉब ऑफर लेटर मिळेल, त्याचे ५० गुण वाढतात. सध्याचा स्कोअर ४३० आहे असं त्यांनी तोंडी सांगितलंय.

नवरा म्हणतो, ते रोज हेच काम करतात, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. घरात यावरून धुसफूस चालू आहे. खोटं पत्र द्यायला माझा जीव धजत नाही, पण ७९,००० रुपयांवर पाणी सोडायलाही होत नाही. यातून बाहेर कसं पडायचं? आणि कन्सल्टंटशिवाय हे जमतं का?

---

खडूस_नाना

ताई, दुसरा हप्ता भरू नका. बाकीचं इतर लोक सांगतीलच.

---

लेक_ओंटॅरिओ

मी २०२१ मध्ये आलो, स्वतःच फाइल भरून. त्यामुळे थोडा पक्षपाती आहे, तो वजा करून वाचा.

आधी त्यांना एकच गोष्ट लेखी विचारा: माझ्या फाइलवर सही करणाऱ्या आरसीआयसीचं (म्हणजे कॅनडाच्या लायसन्सधारक इमिग्रेशन कन्सल्टंटचं) नाव आणि लायसन्स नंबर काय? पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार कॅनडाच्या कायद्याने वकील, क्वेबेकचे नोटरी, ओंटॅरिओचे लायसन्सधारक पॅरालीगल आणि आरसीआयसी यांनाच आहे. आरसीआयसींचं नियमन कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स ही संस्था करते. तिच्या साइटवर रजिस्टर आहे, नाव टाकलं की लायसन्स चालू आहे की निलंबित ते दिसतं. "आमचे सर टोरांटोत बसतात" हे उत्तर धरू नका. खरा प्रतिनिधी असेल तर त्याचं नाव असलेला, प्रतिनिधी नेमल्याचा आयएमएम ५४७६ फॉर्म तुमच्या नवऱ्याच्या सहीने गेलेला असतो. त्याला तुमचा पासवर्डही लागत नाही, प्रतिनिधींचं पोर्टलच वेगळं असतं. आणि एक्स्प्रेस एंट्रीत (गुणांवर पीआरसाठी निवड होते त्या ऑनलाइन पद्धतीत) प्रोफाइल टाकायला कॅनडा सरकार एक पैसाही घेत नाही. ते ९,००० कसले, तेही विचारा.

आता चौदा महिने. हे वाचून मी कपाळावर हात मारला. एक्स्प्रेस एंट्रीच्या गुणांत भारतातला अनुभव तीन वर्षांपर्यंतच मोजतात, पुढे दहा वर्षं असोत नाहीतर वीस, गुण तेवढेच. तुमच्या नवऱ्याचा वर्कशॉप वगळूनही दहा वर्षांचा आहे. म्हणजे ज्या खोट्या पत्रासाठी तुमची झोप उडाली त्याने गुण वाढतात शून्य! उलट धोका केवढा: खोटी माहिती सापडली तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं दार बंद. पत्र कन्सल्टंटने बनवलं ही सबब चालत नाही, कारण अर्जावर सही तुमची.

पण अनुभव म्हणून गुण नाही मागितले तरी ते महिने लपवता येत नाहीत. पर्सनल हिस्टरीत गेल्या दहा वर्षांचा हिशोब महिन्यामहिन्याने द्यावा लागतो, मध्ये भोक ठेवून चालत नाही. तिथे सरळ लिहा: काकांच्या वर्कशॉपमध्ये काम, शिरोली. बँकेतल्या नोंदी असतील त्या जोडा, काकांचं साधं पत्र घ्या, सोबत अर्ध्या पानाचा खुलासा. घरच्या धंद्यात वर्षभर मदत केली म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत.

जॉब ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून काढूनच टाकलेत. एप्रिलमध्ये नाव घालणाऱ्याला ते विकतायत म्हणजे कमाल आहे.

आयईएल्टीएसचे (इंग्रजीच्या परीक्षेचे) बँड सांगाल का? ४३० मला पटत नाही.

---

वळचण

बँड असे: लिसनिंग ८.५, रीडिंग ७.५, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. मी परीक्षा दिलेली नाही. माझ्या डिग्रीचं मूल्यांकनही अजून केलेलं नाही, "स्पाउसला लागत नाही" म्हणाले.

---

लेक_ओंटॅरिओ

मग मांडूया. वय ३३, जोडीदारासह: ८०. पदवी: ११२. भाषा: लिसनिंगचे ३२, रीडिंग आणि स्पीकिंगचे २९ प्रमाणे ५८, रायटिंगचे २२, म्हणजे ११२. पदवी आणि भाषा मिळून १३, अनुभव आणि भाषा मिळून २५. बेरीज ३४२. तुमच्या डिग्रीचं मूल्यांकन झालं की ८ वाढतात, ३५०. ४३० कुठून काढले ते देव जाणे.

आता गंमत बघा. रायटिंग ६.५ चं ७ झालं तर भाषेत ७, पदवीच्या जोडीत १२, अनुभवाच्या जोडीत २५, मिळून ४४ गुण वाढतात. अर्ध्या बँडला! चार लाखांच्या ऑफर लेटरपेक्षा परीक्षेची फी केव्हाही परवडली. तुम्हीही परीक्षा देऊन चांगले बँड आणलेत तर वरचे २०. म्हणजे ४१४. नोव्हेंबरात वाढदिवस झाला की त्यातले ५ जातील.

एवढं करूनही खरं सांगायचं तर ४१४ पुरत नाहीत. २०२४ चे सर्वसाधारण कटऑफ पाचशेच्या वर होते. कॅनडातल्या एखाद्या प्रांताचं नॉमिनेशन (शिफारस) मिळालं तर ६०० गुण, नाहीतर फ्रेंच शिका. मला त्या कन्सल्टन्सीचा राग येतो तो इथे: एप्रिलमध्येच हे सांगायला हवं होतं.

आणखी एक. मुख्य अर्जदार तुम्ही होऊन गणित कधी केलंय का? हेल्थकेअरचे ड्रॉ (निवडीच्या फेऱ्या) वेगळे निघतात, त्यांतल्या व्यवसायांची यादी बदलत असते, त्यात तुमच्या व्यवसायाचा कोड बघा. मात्र मुख्य अर्जदार फार्मसिस्ट असेल तर डिग्रीचं मूल्यांकन डब्ल्यूईएस या नेहमीच्या संस्थेचं चालत नाही, फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाकडूनच करावं लागतं. चुकून डब्ल्यूईएसला पैसे भराल.

---

शेवंती

सगळ्याच कन्सल्टंटना एका माळेत ओवू नका हं. माझा व्हिजिटर व्हिसा आधी नाकारला गेला होता, पहिल्या लग्नातला मुलगा सोबत न्यायचा होता, त्याच्या वडिलांच्या संमतीचा घोळ होता. मी व्हँकुव्हरच्या एका आरसीआयसीबाईंना फी दिली आणि ती वसूल झाली. पहिल्याच फोनवर त्यांनी मला सुनावलं, जुना नकार लपवलात तर मी फाइल घेणार नाही. फॉर्म भरून द्यायचे नव्हे, हे सांगायचे पैसे मी दिले असं समजते.

वळचण, तुमची केस सरळ आहे. फार तर तासाभराचा सल्ला विकत घ्या. अख्खी फाइल कुणाच्या हवाली करू नका.

---

तारीख_पे_तारीख

पैशांबद्दल. काउन्सिलरने खोट्या पत्राचं व्हॉट्सॅपवर लिहिलंय का? असेल तर चॅट पुसू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा. ईमेलने करार रद्द केल्याचं कळवा, कारण लिहा, प्रोफाइल मागे घ्यायला सांगा आणि रकमेचा हिशोब मागा. करारात 'नो रिफंड' छापलंय म्हणून विषय संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कधीकधी तेवढ्यानेच समोरचा फोन करतो.

---

वळचण

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री नवऱ्याला ती ३४२ ची बेरीज कागदावर मांडून दाखवली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रायटिंगची तारीख बघ." भांडण न होता विषय सुटला, हेच मला पुष्कळ.

आरसीआयसीचं नाव विचारून चार दिवस झाले. दोनदा "सर मीटिंगमध्ये आहेत" आणि एकदा दिवाळी ऑफरचा मेसेज आला. रद्द केल्याचा ईमेल आज पाठवला. चॅट आहे, त्यात "लेटर बन जाएगा" असं स्पष्ट आहे.

काकांकडे गेलो होतो. पत्र देतो म्हणाले आणि कपाटातून त्या वर्षाची वही काढली. दर महिन्याला "पोराला दिले" म्हणून रक्कम आणि तारीख! पण सगळं मराठीत, पेन्सिलीनं. हे चालेल? इंग्रजी भाषांतर मीच केलं तर?

---

लेक_ओंटॅरिओ

वही सोन्यासारखी आहे, नीट स्कॅन करा. पेन्सिलीवर आता पेन फिरवू नका. भाषांतर मात्र तुम्ही नको, घरच्यांनी केलेलं घेत नाहीत. बाहेरच्या भाषांतरकाराकडून करा, त्याचं शपथपत्र आणि मूळ पानांच्या प्रमाणित प्रती जोडा. आणि भाषांतरकाराला आधीच सांगून ठेवा, "पोराला" म्हणजे पुतण्याला. नाहीतर तो 'सन' लिहून मोकळा होईल आणि तुम्हाला आणखी एक खुलासा जोडावा लागेल.