मदत हवी आहे: अ‍ॅल्युमिनियम-२७ ने न्यूट्रॉन पकडल्यावर नेमके काय तयार होते?

तृतीय_वर्ष_नाशिक
सोमवारी आमची अंतर्गत परीक्षा आहे आणि कालपासून मी एकाच गणितावर अडून बसलो आहे. अ‍ॅल्युमिनियम-२७ वर न्यूट्रॉनचा मारा केल्यास काय तयार होते, असा प्रश्न आहे. माझे उत्तर अ‍ॅल्युमिनियम-२८ येते, खोलीतल्या मित्राचे मॅग्नेशियम-२७ येते आणि शिकवणीच्या छापील उत्तरांत सोडियम-२४ दिले आहे. यांपैकी बरोबर कोणते, एवढेच कृपया लवकर सांगावे.

गोदाकाठ
तिन्ही बरोबर असू शकतात. न्यूट्रॉन मंद होते की वेगवान, त्यांची ऊर्जा किती होती, आणि बाहेर काय पडले किंवा काय मोजले, याचा प्रश्नात उल्लेख असणारच. प्रश्न जसा छापला आहे तसा लिहा.

तृतीय_वर्ष_नाशिक
सर, ऊर्जेचा येथे काय संबंध, ते मला कळत नाही. डावीकडे वस्तुमानांकांची (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) बेरीज २८ आणि अणुअंकांची (नुसते प्रोटॉन) १३ होते; उजवीकडे तीच आली की समीकरण पूर्ण झाले, असेच आम्हाला शिकवले आहे.

गोदाकाठ
मग तिन्ही उत्तरे त्याच कसोटीवर लावून पाहा. अ‍ॅल्युमिनियम-२८ बरोबर फक्त गॅमा किरण बाहेर पडतात, त्यामुळे २८ आणि १३ तसेच राहतात. मॅग्नेशियमबरोबर प्रोटॉन सुटतो, म्हणजे २७ अधिक १ आणि १२ अधिक १. सोडियमबरोबर अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन) सुटतो, म्हणजे २४ अधिक ४ आणि ११ अधिक २. बेरीज तिन्ही ठिकाणी जुळते. तिच्यामुळे अशक्य उत्तरे बाद होतात, पण उरलेल्यांपैकी प्रत्यक्षात काय घडले, हे तिच्यावरून कळत नाही.

मनमाड_शिकवणी
इतक्या खोलात जाण्याची गरज नाही. मी पंधरा वर्षे विद्यार्थ्यांकडून एकच नियम पाठ करून घेत आलो आहे: न्यूट्रॉन मंद असेल तर गॅमा, वेगवान असेल तर प्रोटॉन किंवा अल्फा. परीक्षेला एवढे पुरते.

सिन्नरकर
हा नियम मुलांना फसवील, म्हणून त्याला विरोध नोंदवतो. बोरॉन-१० मंद न्यूट्रॉनच घेते, तरी अल्फा कण सोडून लिथियम-७ होते. नायट्रोजन-१४ मंद न्यूट्रॉन घेऊनही प्रोटॉन सोडते आणि कार्बन-१४ बनते; उत्खननात सापडलेल्या लाकडाचे वय ज्यावरून काढतात, तो कार्बन वातावरणात याच अभिक्रियेतून येतो. नियम पाठ करण्यापेक्षा वस्तुमानांची वजाबाकी करावी. अ‍ॅल्युमिनियम-२७ आणि न्यूट्रॉन मिळून २७.९९०२०३ अणुवस्तुमान एकके होतात, तर सोडियम-२४ आणि अल्फा कण मिळून २७.९९३५६६. उजवी बाजू ०.००३३६३ एककांनी जड आहे, आणि वस्तुमान ऊर्जेतूनच भरून निघते, म्हणजे सुमारे ३.१३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा न्यूट्रॉनने बरोबर आणली पाहिजे, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडी अधिकच लागते. प्रोटॉन सुटायचा असेल तर हीच तूट १.८३ एमईव्ही भरते. अ‍ॅल्युमिनियम-२८ तयार होताना मात्र उलट ७.७२ एमईव्ही बाहेर पडतात, म्हणून ते मंद न्यूट्रॉननेही होते.

मनमाड_शिकवणी
मी अ‍ॅल्युमिनियमपुरते बोलत होतो, आणि तेथे माझा नियम तुमच्याच आकड्यांवरून खरा ठरतो. शिवाय आमच्याकडच्या प्रश्नपत्रिकेत वस्तुमानांचा तक्ता दिलेला नसतो. मुलांनी वजाबाकी कशातून करायची?

कांदा_लासलगाव
विषय न्यूट्रॉन पकडण्याचा निघाला म्हणून सांगतो. आमच्या लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले विकिरण केंद्र आहे. तेथे कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देतात, आणि तो कोबाल्ट-६० अणुभट्टीत कोबाल्ट-५९ ने न्यूट्रॉन पकडूनच तयार होतो. असा कांदा किरणोत्सारी होतो का, असे गिऱ्हाईक आम्हाला वारंवार विचारते. तो होत नाही, कारण त्या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही असते आणि कांद्यातल्या केंद्रकांतून न्यूट्रॉन सुटायला तेवढी पुरत नाही.

तृतीय_वर्ष_नाशिक
माहिती चांगली आहे, परंतु मला परीक्षेचे उत्तर हवे आहे. प्रश्न शब्दशः असा आहे: "१४ एमईव्ही ऊर्जेच्या न्यूट्रॉनांचा मारा केल्यानंतर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची किरणोत्सारिता दर १५ तासांनी निम्मी होत असल्याचे आढळले. तयार झालेले केंद्रक ओळखा आणि त्याच्या क्षयानंतर मिळणारे स्थिर केंद्रक लिहा."

गोदाकाठ
हे १५ तास पहिल्याच वेळी लिहिले असते, तर सगळ्यांचा वेळ वाचला असता. १४ एमईव्हीला तिन्ही वाटा खुल्या आहेत, म्हणून निवाडा अर्धायुष्यावरच, म्हणजे किरणोत्सारिता निम्मी व्हायला लागणाऱ्या वेळेवरच होतो. अ‍ॅल्युमिनियम-२८ चे अर्धायुष्य सव्वादोन मिनिटांच्या आसपास आहे आणि मॅग्नेशियम-२७ चे साडेनऊ मिनिटांच्या आसपास. तुमच्या मित्राचे मॅग्नेशियम त्या पत्र्यात तयार होतेच, पण दोन-तीन तासांत त्याचा मागमूस उरत नाही. १५ तासांचे अर्धायुष्य सोडियम-२४ चे आहे. ते बीटा कण (न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना सुटणारा इलेक्ट्रॉन) सोडते, त्यामुळे अणुअंक ११ वरून १२ होतो, वस्तुमानांक २४ च राहतो आणि स्थिर मॅग्नेशियम-२४ मिळते.

तृतीय_वर्ष_नाशिक
धन्यवाद, सर. छापील उत्तरांत सोडियम-२४ वरच थांबले होते. मॅग्नेशियम-२४ चा उल्लेखच नव्हता, आणि दुसरा भाग विचारला आहे हे माझ्याही लक्षात आले नव्हते. बोरॉन आणि नायट्रोजनची वजाबाकी आज रात्री करून येथे टाकतो, कृपया कोणीतरी तपासावी.

सिन्नरकर
अवश्य टाका. मात्र तक्त्यातली वस्तुमाने अणूंची असतात, नुसत्या केंद्रकांची नव्हे, त्यामुळे नायट्रोजनच्या गणितात प्रोटॉनच्या जागी हायड्रोजन अणूचे १.००७८२५ घ्या, नाहीतर एका इलेक्ट्रॉनचा फरक पडेल.