मदत हवी आहे: नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. हे जनुकामुळे असेल का? आणि माझा बोन मॅरो त्याला चालेल का?

नमस्कार. नाव न देता लिहितेय, समजून घ्या.

२०१९ मध्ये नवऱ्याचा ताप महिनाभर हटेना, वजन झरझर उतरलं, म्हणून तपासण्या केल्या आणि एचआयव्ही निघाला. सीडी४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, १९० होता. डॉक्टर म्हणाले, आकडा एवढा खाली यायला काही वर्षं गेली असणार, बहुतेक लग्नाआधीपासूनच असेल. आमचं लग्न २०१४ चं. मधली पाच वर्षं आम्हाला मूल हवं होतं, त्यामुळे कंडोमचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी माझं रक्त घेतलं. दोघांचे कागद अजून एकाच फोल्डरमध्ये आहेत. तोच लेटरहेड, तीच सही. त्याच्यावर 'रिअॅक्टिव्ह', माझ्यावर 'नॉन-रिअॅक्टिव्ह'. त्या 'नॉन'वर बोट ठेवून मी तो शब्द कितीदा वाचला असेल! तीन महिन्यांनी परत केली, सहा महिन्यांनी परत केली, तेच आलं.

त्याच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. २०२० पासून व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडण्याच्या पातळीखाली आहे. मुलगी २०२२ ची, ठणठणीत आहे. म्हणजे आज आमचं बरं चाललंय. पण मी त्या पाच वर्षांत वाचले कशी, हे मला कुणी धड सांगितलेलं नाही. समुपदेशक 'नशीब' म्हणाल्या आणि विषय संपवला.

मग वाचत गेले. सीसीआर५ नावाचं जनुक, त्यातला डेल्टा ३२ हा बदल, आणि ज्यांच्यात तो असतो त्यांना एचआयव्ही होत नाही. पुढे बर्लिनच्या रुग्णाबद्दल वाचलं, टिमथी रे ब्राउन. अशा दात्याचा बोन मॅरो मिळाला आणि तो बरा झाला. त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्यात ते असेल तर मी नवऱ्याला बरं करू शकेन का? तो 'नको' म्हणतो, कारण सांगत नाही.

माझे प्रश्न: मी निगेटिव्ह राहिले ते याच जनुकामुळे का? चाचणी करावी का? मुलीत ते उतरलं असेल का? आणि मॅरोचं खरंच काही होऊ शकतं का? त्याच्या फाइलमध्ये 'एचएलए-बी*५७:०१ निगेटिव्ह' असा एक कागद आहे, तोही याचाच भाग आहे का?

प्रतिसाद १

ताई, आधी डेल्टा ३२ चं बघू. विषाणूला पेशीत शिरायला त्या पेशीवरचं सीडी४ हे प्रथिन लागतं आणि जोडीला आणखी एक रिसेप्टर (विषाणू ज्याला धरतो असं पेशीवरचं प्रथिन), बहुतेक वेळा सीसीआर५. डेल्टा ३२ मध्ये या जनुकातली ३२ अक्षरं गळलेली असतात. प्रथिन अर्धवट बनतं आणि पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. विषाणू दारापर्यंत येतो, पण कडी हाताला लागत नाही. हे १९९६ मध्ये कळलं. पण त्यासाठी आई आणि वडील दोघांकडून बदललेली प्रत यावी लागते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत अशी माणसं साधारण शंभरात एक. आफ्रिकेतल्या आणि पूर्व आशियातल्या मूळ लोकसंख्येत हा बदल जवळजवळ नाही, दक्षिण आशियातही फार विरळ. तुमचे पूर्वज उत्तर युरोपातले नसतील, तर तुमच्यात दोन्ही प्रती असण्याची शक्यता नगण्य आहे.

एकच प्रत असेल तर संसर्ग अडत नाही. झालाच तर आजार थोडा सावकाश वाढतो, एवढंच. मुलीचंही तेच: तुमच्यात दोन प्रती असत्या तरी तिला तुमच्याकडून एकच मिळाली असती.

प्रतिसाद २

मग तुम्ही वाचलात कशा? याचं उत्तर कुणी देत नाही, कारण ते आकड्यांत आहे आणि आकडा ऐकून समाधान होत नाही. पुरुष पॉझिटिव्ह, उपचार नाहीत, कंडोम नाही, अशा योनीमार्गाच्या संबंधात स्त्रीला लागण होण्याचं सरासरी प्रमाण दहा हजारांत ८ च्या आसपास धरतात. पाच वर्षांत ५०० वेळा संबंध आले असं धरून हिशोब केला, तर तुमच्यासारख्या तीन जणींपैकी साधारण दोघी निगेटिव्ह राहतात. ही सरासरी आहे. लागण नुकतीच झालेली असताना किंवा आजार बळावल्यावर विषाणू रक्तात खूप असतो आणि धोका वाढतो, दुसरा लैंगिक आजार असला तरी वाढतो. पण तुम्ही निगेटिव्ह असणं हा चमत्कार मानायची गरज नाही. समुपदेशकांनी हे पाच मिनिटं बसून सांगायला हवं होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

जनुकांचा भाग नसतोच असं नाही. नैरोबीत १९८० च्या दशकापासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास झाला. काही जणी वर्षानुवर्षं विषाणूच्या संपर्कात येऊनही निगेटिव्ह राहिल्या, आणि त्यामागे डेल्टा ३२ नव्हता. त्यांच्यातल्या काही जणींनी मध्ये काही काळ काम थांबवलं, परत सुरू केलं, आणि मग त्यांना लागण झाली. म्हणून 'मला होतच नाही' हे कुणीही गृहीत धरू नये.

प्रतिसाद ३

बी*५७:०१ चा कागद वेगळा आहे. अबॅकाविर हे एचआयव्हीचं औषध देण्याआधी ती चाचणी करतात, कारण ज्यांच्यात एचएलए-बी जनुकाचा हा प्रकार असतो त्यांना त्या औषधाची जिवावर बेतणारी अॅलर्जी येऊ शकते. निगेटिव्ह आली म्हणजे त्या बाजूने चिंता नाही.

तुमचा गोंधळ झाला यात नवल नाही, कारण हेच बी*५७ दुसरीकडेही भेटतं. लागण झाल्यावर औषधांशिवाय विषाणू दाबून ठेवणारे जे थोडे लोक असतात, शंभरात एकाहूनही कमी, त्यांच्यात बी*५७ आणि बी*२७ जास्त आढळतात. एचएलए-बी हे प्रथिन विषाणूचे तुकडे पेशीबाहेर धरून रोगप्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशींना दाखवतं. ज्या खाचेत तो तुकडा बसतो तिथली मोजकी अमिनो आम्लं वेगळी असली की फरक पडतो, हे २०१० मध्ये मोठ्या अभ्यासात दिसलं. पण ते लागण झालेल्यांचं. तुम्हाला लागण झालेली नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

आता मॅरो. ताई, हे वाचताना मला भरून आलं, तरी स्पष्ट लिहितो. ब्राउन यांना ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) होता, म्हणून प्रत्यारोपण झालं. पहिलं २००७ मध्ये, ल्युकेमिया उलटल्यावर २००८ मध्ये त्याच दात्याकडून दुसरं. त्यात ते मरता मरता वाचले. एचआयव्ही परत आला नाही, पण ल्युकेमिया आला आणि २०२० मध्ये ते गेले. असे बरे झालेले लोक जगात अगदी मोजके आहेत, आणि त्यांना रक्ताचा कर्करोग किंवा तसाच गंभीर आजार आधीच होता. जर्मनीतल्याच एका रुग्णाला डेल्टा ३२ चा मॅरो देऊनही विषाणू परतला, कारण त्याचा विषाणू सीएक्ससीआर४ या दुसऱ्या दाराने शिरणारा होता. शिवाय दात्याचा एचएलए, म्हणजे पेशींवरच्या अशा प्रथिनांचा संच, रुग्णाशी जुळावा लागतो. पती-पत्नी रक्ताच्या नात्यातले नसतात, जुळणं फार अवघड. रोजच्या गोळीवर नीट असलेल्या माणसावर हा धोका कुठलाही डॉक्टर घेणार नाही. तुमचा नवरा 'नको' म्हणतो ते बरोबर आहे.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनपैकी दोघी, हे वाचून मी खूप वेळ नुसती बसून राहिले. पाच वर्षं मला वाटत होतं की माझ्यात काहीतरी आहे आणि ते मी त्याला देत नाहीये.

धागा त्याला वाचायला दिला. त्याने पूर्ण वाचला. मग म्हणाला, "तू टेबलावर झोपलेली मला बघवलं नसतं, म्हणून नको म्हणत होतो."

चाचणीची नोंदणी केली होती, पैसे भरले नव्हते, ती रद्द करतेय. एक शेवटचं विचारते: माझ्यासारख्यांचं रक्त संशोधनासाठी घेतात असं वाचलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारणारच आहे, पण त्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव आणि निदान लिहावं लागतं का? घरात अजून कुणाला माहीत नाही. कुणी असा फॉर्म भरला असेल तर सांगा.