मदत हवी: सुंगटं न घातलेल्या हुमणातही सोन्याचा रंग बदलतोय

नमस्कार. मी फोंड्याची, एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या भाच्याला सुंगटांची (कोळंबीची) अ‍ॅलर्जी आहे. मे महिन्यात एका जेवणावळीत सुंगटांच्या हुमणातला (नारळाच्या आमटीतला) डाव बांगड्याच्या हुमणात गेला आणि दहा मिनिटांत पोराचे ओठ सुजले. प्रोजेक्टचा विषय तिथेच ठरला: जेवणात सुंगटं मिसळली आहेत का, ते रंगावरून ओळखणारी चाचणी.

सुंगटांतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवूनही टिकतं. ते पकडणारी अँटिबॉडी मी सोन्याच्या साधारण २० नॅनोमीटरच्या कणांवर बसवली आहे. कण सुटे असले की द्रावण लाल दिसतं, ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशशोषणाचं शिखर येतं. प्रथिनामुळे कण एकमेकांना चिकटले की रंग जांभळा होतो. शुद्ध प्रथिनावर हे छान चालतं. पण हुमण गाळून, पाण्यात दहापट पातळ करून घातलं की सुंगटं नसलेला नमुनाही दोन मिनिटांत जांभळा, आणि थोड्या वेळाने क्युव्हेटच्या (मोजणीच्या पारदर्शक नळीच्या) तळाशी काळपट गाळ. तीन आठवडे यातच गेले. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
मीठ आणि सोलं (आमसुलं)! कण सुटे राहतात ते त्यांच्यावरच्या ऋण भारामुळे. मीठ तो भार झाकतं, सोलांचा आंबटपणा तो कमी करतो. मिठाची चाचणी, म्हणजे अँटिबॉडी कणांना मिठापासून पुरेशी वाचवते का ते बघणं, केली होती का? सोन्याच्या द्रावणाच्या ओळीने नळ्या घ्या, अँटिबॉडी वाढवत न्या, मग १० टक्के मिठाचं पाणी घाला. ज्या नळीपासून लाल टिकतो, त्याहून थोडी जास्त अँटिबॉडी वापरा. ती बसवताना पीएच ८.५ ते ९, नंतर उरलेली जागा झाकायला १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन). नमुना पाण्यात नको, ७.४ पीएचच्या पीबीएसमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या फॉस्फेटच्या द्रावणात) पातळ करा, किंचित ट्वीन-२० (साबणासारखा पदार्थ) घालून. नारळाची चरबी थंड सेंट्रिफ्यूजमध्ये वर थर धरते, ती आधी काढा.

धागाकर्ती
मिठाची चाचणी केलीच नव्हती, पुरवठादाराच्या कागदावरचं प्रमाण तसंच घेतलं होतं. खूप आभार.

प्रतिसाद २
साध्या हुमणात मोजून शुद्ध प्रथिन घाला आणि त्यातलं किती परत सापडतं ते बघा. त्याशिवाय लाल रंगाला ‘सुंगटं नाहीत’ म्हणू नका. कुर्ल्यांचं (खेकड्यांचं), अगदी झुरळाचंही ट्रोपोमायोसिन बरंच सारखं असतं, तेही तपासा. आणि बाळाचं ताट या चाचणीवर अजिबात सोडू नका.

धागाकर्ती
नाही, त्याचा डाव आणि टोप आईने वेगळेच ठेवलेत. उद्या एक हुमण सोलांशिवाय आणि एक मिठाशिवाय करून आणते, म्हणजे दोष कुणाचा किती ते कळेल.