सरावाच्या उड्डाणात गेलेले चुलत आजोबा: नोंद कुठे शोधायची, पाटीवर काय लिहायचं?

रावपुरा_वडोदरा:
आजोबांचे धाकटे भाऊ मे १९४४ मध्ये अंबाल्याला हार्वर्ड विमानाच्या सरावात गेले. वय २१. घरी गणवेशातला फोटो, कमांडिंग ऑफिसरचं पत्र आणि लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) आहे. ‘लढाईत थोडेच गेले’ म्हणून विषय मागे पडत आला. आता फोटोखाली पितळी पाटी लावायची आहे, तिथीही पाळायची आहे. अधिकृत नोंद कुठे मिळेल?

दांडियाबाजार:
आधी ते ‘थोडेच’ सोडा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (महायुद्धांत गेलेल्यांची थडगी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना गेलेल्या प्रत्येकाला युद्धात गेलेला मानतं, मग कारण गोळी असो, अपघात असो की आजार. त्यांच्या संकेतस्थळावर नाव शोधा, पण आडनावाने सुरुवात करू नका. मराठी आडनावं इंग्रजी कारकुनाने ऐकू आली तशी लिहिली आहेत. गायकवाडांची चार-पाच रूपं सापडतात, कधी वडिलांचं नावच आडनावाच्या जागी असतं. रकाना कोरा ठेवा, हवाई दल निवडा आणि तारखेच्या मागचेपुढचे दोन-तीन दिवस द्या. दहन झालं असेल तर थडगं नसणार. नाव कुठल्या स्मारकात आहे ते त्याच पानावर कळतं. दिल्ली-कराचीचं स्मारक असेल तर नाव दगडावर शोधू नका. तिथे नामावलीचं पुस्तक असतं; दिल्लीचं कॅन्टोन्मेंटमधल्या वॉर सिमेट्रीत आहे. इंडिया गेटवर ही नावं नाहीत, ते पहिल्या महायुद्धाचं आणि १९१९ च्या अफगाण युद्धाचं स्मारक. राष्ट्रीय युद्ध स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या जवानांचं.

जुनी_विमानं:
लॉगबुकची शेवटची ओळ बघा. विमानाचा क्रमांक (एक-दोन अक्षरं, पुढे तीन-चार आकडे) आणि उड्डाण एकट्याने की प्रशिक्षकासोबत, एवढं टिपून घ्या. ते आणि तारीख लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियमला कळवून ‘फॉर्म ११८०’ मागवा. ते अपघाताचं कार्ड, कारण थोडक्यात असतं. प्रशिक्षण केंद्रांच्या रोजनिश्या ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘एअर २९’ मालिकेत आहेत.

कार्डावर ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा निघाला तर मनाला लावून घेऊ नका. हार्वर्ड वेग कमी झाला की एक पंख झटकन पाडतं, आणि उतरण्याआधीच्या वळणावर सावरायला उंची उरत नाही. त्यात मे महिन्यातली अंबाल्याची धूळ, क्षितिजच दिसत नाही. तापलेली हवा विरळ, म्हणून विमान चढतंही हळू. यातलं काहीच त्या शेऱ्यात येत नाही.

रावपुरा_वडोदरा:
पत्रात अपघाताची वेळ सकाळी ७.१० आहे. तिथी त्यावरूनच काढू ना?

कोठी_रोड:
थांबा, एक तास वजा करा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ देशभर घड्याळं तासभर पुढे होती. म्हणजे आजच्या हिशेबाने ६.१०. शके १८६६ चं पंचांग उघडून त्या क्षणी कोणती तिथी चालू होती ते पाहा. तेवढ्या तासात तिथी बदललेली असू शकते. वर्षश्राद्ध त्या तिथीला. पितृपंधरवड्यात मात्र अपघातात गेलेल्यांचं भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात, दिनदर्शिकेत ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ छापलेलं असतं.

पाटीवर ‘इंडियन एअर फोर्स’च लिहा. ‘रॉयल’ मार्च १९४५ मध्ये लागलं, त्यांच्या हयातीत नव्हतं. शेजारी पदकं लावणार असाल तर ‘१९३९-४५ स्टार’ नको, तो मोहिमेवरच्यांचा. ‘वॉर मेडल’ला २८ दिवसांची सेवा पुरे, ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ला तीन वर्षं लागत. आणि मूळ फोटो भिंतीवर नकोच. ६०० डीपीआयने स्कॅन करून प्रत लावा. मूळ लॅमिनेट करू नका, आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. टाचण्या आधी काढा, पावसाळ्यात गंजतात.